हाताची पाठ

"तुमच्या घरी कुणी वायरमन आहे का हो?" पाहुण्यानं हसत विचारलं, आणि मामाच्या भाचीनं "नाही" म्हणून टाकलं. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणून टाकलं, जणू त्याच्या शेपटीवरच पाय दिला. वर्गात दोघंतिघं हसली. प्रश्न गमतीचाच होता. ती इतका वेळ आज्ञापालनावर बोलली होती, तिला नमुना कसा निवडलास, पूर्वग्रह कसा टाळलास असं सगळं टोकदार विचारून झालं होतं, आणि शेवटी बाहेरून आलेल्या एका माणसानं काहीतरी घरगुती विचारलं, एवढंच सगळ्यांना वाटलं. "नाही? बरं," पाहुणा म्हणाला. "तुम्ही माईक उचलण्याआधी त्याला हाताच्या पाठीनं शिवलात. उलटा हात. आमच्याकडे एक जण आहे, तो जगातल्या प्रत्येक वस्तूला असाच शिवतो. म्हणून विचारलं." मग त्यानं टेबलावरचं पेन घेतलं, कानाजवळ नेलं आणि तिथे त्याला टोपण लावलं. टक्. तो आवाज नीट ऐकून घेतला आणि पेन खिशात ठेवलं. टाळ्या वाजल्या. भाचीनं माईक खाली ठेवला तेव्हा तो तिच्या घामानं ओला झालेला होता आणि बोटं मात्र गार पडली होती.

बाहेरच्या व्हरांड्यात पद्धतीच्या बाईंनी तिला मिठीच मारली. पद्धतीचा पेपर शिकवायच्या म्हणून त्या पद्धतीच्या बाई. चांगल्या होत्या बिचाऱ्या. चांगल्या माणसांच्या हातून जी वाट लागते ती वाईटांच्या हातून लागत नाही, कारण वाईटांसमोर आपण निदान सावध असतो. "अगं, सुरेख झालं," बाई म्हणाल्या. "आणि पाहुणे केवढे रमले होते, बघितलंस? एवढे मोठे अधिकारी. मी म्हटलं येतायत की नाही." भाचीनं विचारलं, ते कुठून आले होते. "प्रशासकीय इमारतीतून. मीच बोलावलं. खुलं सादरीकरण म्हटलं की बाहेरचा माणूस लागतोच ना, नियमच आहे." भाची "हो" म्हणाली. प्रशासकीय इमारत. सकाळी साडेआठचा भोंगा, तळमजल्याला वायरमनची खोली, खोलीत एक लोखंडी कपाट, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तिचा चौथीतला फोटो, दोन वेण्या आणि पडलेले दात. मामा त्या खोलीत गेली कैक वर्षं बसत होता.

कॉलेज लिबरल आर्ट्सचं होतं. म्हणजे पहिली दोन वर्षं सगळ्या ताटांतला एकेक घास खायचा आणि मग आपलं ताट कुठलं ते जाहीर करायचं. त्याला मेजर म्हणत. राज्यशास्त्र आपलं म्हणायचं तर चार पायाचे पेपर: राजकीय विचार, आपल्या देशाचं सरकार, परक्या देशांची सरकारं आणि देशादेशांतली भांडणं. त्यावर आकडेवारीचा एक पेपर, ज्याच्या नावानं वसतिगृहातल्या पोरी रडायच्या. एक परकी भाषा. मग पद्धतीचा पेपर, त्यात एका माणसाची सविस्तर मुलाखत आणि तिच्यावर खुलं सादरीकरण. ते झालं की एखाद्या सरकारी कचेरीत काही महिने क्षेत्रकाम, आणि शेवटच्या वर्षी प्रबंध. हे सगळं गुळगुळीत माहितीपत्रकात छापलेलं होतं. वर एका मुलीचा फोटो होता, हात वर केलेला, तोंड उघडलेलं, डोळ्यांत चमक. खाली लिहिलं होतं, आम्ही निर्भयपणे विचार करायला शिकवतो. त्या मुलीला समोरून कुणी काय विचारलं होतं ते फोटोत येत नव्हतं. आणि भीती नावाचा पेपर त्या यादीत कुठेच नव्हता. पायाचा पहिला पेपर तोच असायला हवा होता. ज्या विषयाची आख्खी इमारत भीतीवर उभी आहे तो विषय ही माणसं पडदे लावलेल्या, गार हवेच्या खोल्यांत बसून शिकवत होती, आणि भीतीला म्हणत होती वैधता, संमती, संस्थात्मक शिस्त. भाचीलाही हे शब्द यायचे. चांगले यायचे, म्हणून तर तिला फीमाफी होती. बसस्टॉपवर उभी राहून तिनं ते शब्द एकेक करून आठवून पाहिले. एकाचाही काही उपयोग झाला नाही.

मुलाखत मामाची होती, आणि तिनं सगळं नियमानं केलं होतं. याचाच तिला जास्त राग येत होता, आणि राग आला की भीती थोडी मागे सरायची, पण लगेच दुप्पट होऊन यायची. बाईंनी शिकवलं होतं, माणूस लपवायचा, खरं लपवायचं नाही. नाव काढायचं, वय हलवायचं, जागा बदलायची, धंदा बदलायचा. तिनं वायरमनचा पहारेकरी केला. मतमोजणीच्या सभागृहाची शाळा केली. दिव्यांचं दार केलं. खऱ्यात मामाला सांगितलं होतं की थोडा वेळ दिवे घालव, तिनं लिहिलं की पहारेकऱ्याला सांगितलं, थोडा वेळ दार उघडं ठेव. पुढचं वाक्य मात्र तसंच राहिलं: आणि तू चहा पिऊन ये. तिनं तेही काढलं होतं खरं तर. पण बाईंनी कच्च्या मसुद्यावर लाल पेनानं लिहिलं, आधीच्या टिपणात चहाचं वाक्य होतं ते कुठे गेलं, सगळा जीव त्यातच आहे. मग तिनं ते परत घातलं. आज ते म्हणताना तिनं मामानं नक्कल करून दाखवलेला तोच सूर लावला होता, गोड, खालचा, पाठीवर हात ठेवल्यासारखा. लिहिणाऱ्यांची पेनं थांबली होती. तिला वाटलं होतं, आपण जिंकलो.

बस आली. दाराचा दांडा धरण्याआधी तिचा हात उलटा झाला. पाठ दांड्याला टेकली, मग हात वळला, मग मूठ. आयुष्यभर हे होत आलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते पाहिलं. मागचा माणूस म्हणाला, "चढा ना ताई, दांडा चावत नाही." ती चढली. खिडकीशी बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. सहासात वर्षांची असताना ती एकदा ओल्या हातानं मिक्सरचा खटका दाबायला गेली होती, तेव्हा मामानं तिला उचलून ओट्यावर बसवलं आणि तिचा पंजा आपल्या पंजात घेतला. "हे बघ," तो म्हणाला, "वीज लागली की मूठ आवळते. तू आवळत नाहीस, तीच आवळते. तळव्यानं धरलंस तर तुला वाटेल तू तिला धरलंय, पण तिनंच तुला धरलेलं असतं, आणि ती सोडत नसते. पाठीनं शिवलंस तर मूठ आवळताना हात आपसूक लांब होतो. सुटतेस." मग दोघांनी घरभर फिरून सगळ्या वस्तूंना उलटा हात लावला. फ्रिज, नळ, टीव्ही, दाराची कडी, शेवटी आईचं कपाळ. आई म्हणाली, "मला काय करंट लागतोय का?" मामा म्हणाला, "तुझा भरवसा नाही." तेव्हापासून तिचा हात तसाच झाला. वसतिगृहातल्या पहिल्या दिवशी खोलीतली मुलगी म्हणाली होती, "तू दाराला ताप आलाय का बघतेस?" आणि भाची अभिमानानं हसली होती. धंद्याचं बदलून झालं, वयाचं झालं, गावाचं झालं. हाताचं कुणी सांगितलं नव्हतं. पद्धतीच्या पुस्तकात हातावर प्रकरण नव्हतं.

बसमध्ये समोरच्या बाकावर एक माणूस वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होता. त्याच्या हातात पेन होतं. तो टोपण लावेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्यानं लावलं नाही, पेन तसंच उघडं खिशात टाकलं, आणि खिशावर निळा ठिपका पसरू लागला. तिनं मान फिरवली. पाहुण्याला काय कळलं, काय कळलं नाही? एक मुलगी माईकला उलटा हात लावते. जगात हजार वायरमन असतील, त्यांच्या हजार पोरी असतील. पण मग "नाही" का म्हणालीस? इतक्या घाईनं? "हो, काका आहेत गावाकडे," म्हणाली असतीस तर मेली असतीस? तिला "नाही" परत गिळायचं होतं.

घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं, दोन खोल्यांचं, जिन्याला रबराचा वास. वडील दुसऱ्या शहरात दुसऱ्या बाईबरोबर राहत. कॉलेजच्या कागदांवर आडनाव आणि पत्ता त्यांचाच होता, आणि त्यांनी पोरीला आयुष्यात दिलेलं तेवढंच. आई इस्पितळाच्या धुलाईत कामाला होती, नुकतीच आलेली, पाय बादलीत सोडून बसलेली. "आज मधल्या वारी कशी?" आईनं विचारलं. "मामा कुठाय?" भाची म्हणाली. "येईल. यायची वेळ झाली की." यायची वेळ होऊन गेली होती. भाची खिडकीशी उभी राहिली. रस्त्यावर माणसं घरी चालली होती, प्रत्येकाची चाल मामासारखी आणि एकही मामा नाही. पिशवी खांद्याला, डावा खांदा जरासा खाली. तिला आठवलं, ती लहान असताना मामा खांबावर चढलेला असला की ती खाली उभी राहून त्याचे तळपाय बघायची, तळपाय हलले की श्वास घ्यायची. "उभी काय राहिलीस भुतासारखी, बस की," आई म्हणाली. मग जिन्यावर पावलं वाजली. ती दुकानातल्या पोऱ्याची निघाली. पुन्हा वाजली तेव्हा मामा होता.

"काय मंत्रीणबाई," मामा दारातूनच म्हणाला, "आज कुठलं सरकार पाडलंत?" ती राज्यशास्त्र घेणार म्हटल्यापासून तो तिला मंत्रीणबाईच म्हणायचा. तिच्या तोंडाकडे बघून त्यानं पिशवी हळूच खाली ठेवली. आतले पक्कड-पेचकस एकमेकांवर सरकले. "नापास केली वाटतं."

"पास केली," भाची म्हणाली. "मामा, एक माणूस आला होता ऐकायला. तुमच्या इमारतीतला. त्यानं विचारलं, घरी वायरमन आहे का. मी नाही म्हणाले." आणि मग तिनं सगळं सांगितलं, माईक, हात, चहाचं वाक्य. मामा ऐकताना चपला काढत होता. एक काढली, दुसरी पायातच राहिली. "दिसायला कसा?" त्यानं विचारलं. भाची सांगू लागली, उंच नाही, केस नीट, शर्ट पांढरा. सांगताना तिच्या लक्षात आलं की असे तर सगळेच असतात, यानं कुणीच ओळखू येणार नाही.

"पेनाचं टोपण," मामा म्हणाला. "कानाशी नेऊन लावतो का?"

भाचीनं मान हलवली.

"तोच," मामा म्हणाला, आणि एक चप्पल पायात घेऊन स्टुलावर बसला. याच स्टुलावर बसून त्यानं मुलाखत दिली होती. सुरुवातीला फोन बघून अंग चोरलं होतं, रेडिओवर बोलल्यासारखा बोलला होता, मग सैल झाला. "धमकी दिली नाही कुणी," तो तेव्हा म्हणाला होता. "पैसेही नाहीत. इतकं गोड बोलला की मला नाही म्हणायचं सुचलंच नाही. दिवे घालवले. खरंच चहा प्यालो, बिस्किटही खाल्लं. वर येऊन दिवे लावले तर सगळे आपापल्या जागी, जसे होते तसे. फक्त टेबलावरच्या मतपेट्यांची रांग मला वेगळी वाटली. वाटली, हं. मी काही शपथ घेत नाही." कोण बोलला, हे भाचीनं विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं. तिसऱ्या माणसाचं नाव टिपून घ्यायचं नाही, हा पद्धतीचा नियम होता, संबंधितांच्या सुरक्षेसाठी. तिनं नियम पाळला. आणि जो ते वाक्य बोलला त्याच्याच तोंडावर, त्याच्याच सुरात, ते वाक्य म्हणून दाखवलं.

"मी सांगत होते," आई बादलीतून पाय न काढता म्हणाली, "हिला बँकेतलं काहीतरी शिकू दे. नाही. राजकारण. घरात एक माणूस दिवे घालवतो आणि दुसरं माणूस गावभर सांगत फिरतं."

"गावभर नाही गं," मामा म्हणाला. "वर्गात. आणि दार म्हणून सांगितलं तिनं. दिवे नाही." तो हसायला गेला, पण अर्ध्यावरच राहिलं. तिला कळलं की तो तिला सांभाळतोय, खांबावर चढून खालच्या मुलीला सांभाळतोय, आणि त्याचे तळपाय थरथरतायत. ती म्हणाली, "काय करेल तो?" मामा म्हणाला, "काही नाही करणार." मग पायातल्या चपलेकडे बघत म्हणाला, "आमच्याकडे कुणी कुणाला काही करत नाही. एखाद्याची बदली होते. एखादा शिडीवरून पडतो. काम धोक्याचंच आहे." आईनं पाय बादलीतून काढले आणि ओलेच फरशीवर ठेवले.

फोन वाजला तो पद्धतीच्या बाईंचा. त्यांच्या आवाजातला आनंद खोलीभर ऐकू आला. पाहुण्यांनी स्वतःहून विचारलं होतं, त्या मुलीला क्षेत्रकामासाठी आमच्याकडे का नाही पाठवत. मला अशीच डोळस मुलगी हवीय. बाई म्हणत होत्या, "अगं, पोरी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतात, तुझ्याकडे जागा चालत आली. शेवटची अट पूर्ण होते तुझी, मेजर पक्कं. सोमवारी जायचंय. मी हो सांगितलंय." भाची म्हणाली, "बाई, मला विचार करायला…" बाई म्हणाल्या, "आता काय विचार? राज्यशास्त्र लांबून नाही शिकता येत. सत्ता जवळून बघायला मिळतेय तुला." तिनं फोन ठेवला. खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं, पंपाचा आवाज दमेकऱ्यासारखा वर येत होता.

"नाही म्हणते," भाची म्हणाली. "इतिहास घेते. इतिहासात क्षेत्रकाम नाही."

"इतिहास घेतलास तर तो विचारेल, पळाली का," मामा म्हणाला. "आत्ता त्याला नुसता वास आलाय. खात्री नाहीये. आडनाव वेगळं, पत्ता वेगळा. खात्री असती तर तुला बोलावलं नसतं, मला बोलावलं असतं." तो उठला. दुसरी चप्पल काढली, नीट जोडीनं ठेवली. मग भिंतीवरच्या स्विचबोर्डापाशी गेला आणि नुसता उभा राहिला. "हात बदलायला लागतील," तो म्हणाला. "तुझाही आणि माझाही."

मग जे सुरू झालं ते कुणी बाहेरच्यानं पाहिलं असतं तर हसून लोळला असता. एक पिकल्या केसांचा माणूस आणि एक कॉलेजातली मुलगी घरभर फिरत वस्तूंना तळहात लावत होते. फ्रिज. नळ. कडी. "सरळ लाव, सरळ," मामा म्हणायचा, आणि त्याचाच हात शेवटच्या क्षणी वळायचा, पाठ पुढे यायची, मग तो शिवी घालून परत मागे घ्यायचा. ओट्यावर बसवून शिकवलेलं सगळं ते दोघं आता उलटं उकलत होते. भाचीचा तळवा फ्रिजच्या दाराला टेकला की दंडापर्यंत काटा यायचा. काही होत नसे, लोखंड गार असे, बस. पण तिला वाटायचं, आता मूठ आवळेल. मामा म्हणाला, "मला सुटायची सवय लागलीय, दुसरं काय." आई सुरुवातीला बघत होती, मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या आठवड्यात वसतिगृहातही भाची जाईल तिथे तळहात लावत राहिली, जेवणघराच्या टेबलाला, ग्रंथालयाच्या रॅकला. खोलीतली मुलगी म्हणाली, "ताप उतरला वाटतं दाराचा." भाचीला तिचा गळा दाबावासा वाटला, आणि तिच्या कुशीत शिरून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. राजकीय विचारांच्या तासाला सर सांगत होते की सत्ता बळानं चालत नाही, ती सवयीनं चालते. तिनं वहीत लिहून घेतलं नाही.

सोमवारी प्रशासकीय इमारतीच्या काचेच्या दाराला तिनं तळहात लावला. जमलं. जिन्याच्या कठड्याला लावला. जमलं. पाहुण्याच्या खोलीत, म्हणजे आता तोच यजमान होता, खिडकीतून भरपूर ऊन आलं होतं. टेबलावर एक दिवा होता, तो लागत नव्हता. भिंतीवर हाताच्या उंचीला विजेची जुनी लोखंडी पेटी होती, राखाडी रंगाची, कोपऱ्यांवर गंजलेली. त्यानं तिला खुर्ची दाखवली. "बसा. घाबरलात?" तो म्हणाला. "पहिल्या दिवशी सगळे घाबरतात. मीही घाबरलो होतो. ज्या साहेबांच्या हाताखाली होतो ते काही बोलायचेच नाहीत, नुसते बघायचे." ती कसंनुसं हसली. त्यानं चहा मागवला नाही. ती त्याचीच वाट बघत होती, चहा येईल आणि तो ते वाक्य म्हणेल, आणि तो ते म्हणत नाही हे जास्त भयंकर होतं. तो तिच्या सादरीकरणाविषयी बोलत राहिला, अगदी कौतुकानं. पहारेकऱ्याला तुम्ही विचारलंत का, की त्याला अपराधी वाटतं का? भाची म्हणाली, विचारलं. काय म्हणाला? "म्हणाला, चहा चांगला होता." तो मनापासून हसला. मग त्यानं टेबलावरची पितळी घंटी वाजवली आणि शिपायाला म्हणाला, "वायरमनला पाठव. दिवा लागत नाही."

मामा पिशवी घेऊन आला. डावा खांदा जरासा खाली. घरून निघताना त्यानं दाढी केली होती, हनुवटीखाली कापल्याची बारीक लाल रेघ होती. "ह्या कॉलेजच्या बाई," साहेब म्हणाला. "राज्यशास्त्र शिकतायत. आपण कसं काम करतो ते बघायला आल्यात." मामानं तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या कपाळाच्या वर कुठेतरी पाहिलं, आणि म्हणाला, "नमस्कार बाई." तिनंही "नमस्कार" म्हटलं. दोन्ही हात टेबलावर होते, तळवे खाली, चिकटवल्यासारखे. मामानं पिशवीतून टेस्टर काढला. "टेस्टर राहू दे," साहेब म्हणाला. "पेटी गरम होतेय का बघ जरा. हात लावून बघ."

मामा पेटीसमोर गेला. पाठमोरा. त्याच्या मानेवर घाम आलेला तिला दिसला. त्यानं हात उचलला, आणि पाठ पुढे आली. तिनं श्वास धरला. हात हवेतच थांबला. एखादं जनावर ओळखीच्या वाटेवरून ओढून दुसरीकडे न्यावं तसा त्यानं तो वळवला, मनगटातून, हळूहळू, आणि बोटं पसरून आख्खा तळवा पेटीवर ठेवला. जुनी पेटी. गंजलेली. आतलं काय कुठे उघडं पडलंय कुणाला माहीत. वीज लागली की मूठ आवळते, तू आवळत नाहीस. तिला त्याचे तळपाय दिसत होते, जमिनीवर होते तरी दिसत होते. मामा म्हणाला, "नाही साहेब, गार आहे." आवाज सपाट होता, छान होता. जमलं, तिला वाटलं, जमलं त्याला. आणि मग तिनं साहेबाकडे पाहिलं.

साहेब मामाकडे बघतच नव्हता. पहिल्यापासून बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. ती खुर्चीतून अर्धी उठलेली होती, कधी उठली ते तिला कळलं नव्हतं, आणि तिचा उजवा हात टेबलावरून सुटून हवेत गेला होता, मामाच्या दिशेनं, पाठ पुढे.

"बसा हो," साहेब मऊ आवाजात म्हणाला. "ह्या खोलीचा मेन स्विच मी सकाळीच शिपायाला बंद करायला लावलाय."

मामानं ते ऐकलं. तो वळला नाही. तळवा पेटीवर होता तसाच राहिला, मेलेल्या लोखंडावर, आणि बोटं हळूहळू आवळत गेली. साहेबानं पेन उचललं आणि कानाजवळ नेलं.